पाणमांजर बघायचंय? आधी काठ वाचायला शिका

पाणमांजर बघायला पहिल्यांदा निघालेला माणूस नदीवर पोचल्या पोचल्या पाण्याकडे टक लावून बसतो. तास जातो, दीड तास जातो. एखादा पाणकावळा बुडी मारून वर येतो, तेवढ्यापुरतं काळीज लकाकतं, आणि शेवटी "इथे नसतीलच" म्हणत तो परत फिरतो. सुरुवातीचे कित्येक महिने माझंही असंच चाललं होतं. ज्या खडकावर मी रोज बसायचो, त्याच्या शेजारच्याच खडकावर पाणमांजरांची विष्ठा पडलेली असायची. मला ती दिसायची, पण कळायची नाही. कुठल्यातरी पक्ष्याची घाण असेल असं वाटायचं.

म्हणून नव्या माणसाला माझं पहिलं सांगणं एवढंच असतं: पाणमांजर आधी काठावर सापडतं, पाण्यात नंतर दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर शेतीत आलेल्या डिल्ड्रिनसारख्या कीटकनाशकांमुळे इंग्लंडमधली पाणमांजरं झपाट्याने कमी झाली. १९७७ ते १९७९ या काळात तिथे पहिली देशव्यापी पाहणी झाली, तेव्हा पाहणी करणाऱ्यांनी प्राणी शोधलाच नाही. ठरवलेल्या प्रत्येक ठिकाणी ते काठाने ६०० मीटर चालले आणि फक्त विष्ठा आणि पावलांचे ठसे शोधले. जवळजवळ तीन हजार ठिकाणांपैकी सहा टक्क्यांच्या आसपास ठिकाणीच खुणा मिळाल्या. त्या कीटकनाशकांवर बंदी आली, नद्या सुधारल्या, आणि २००९-१० च्या पाहणीत तो आकडा ५९ टक्क्यांजवळ गेला. एका देशातून पाणमांजर जवळजवळ गेलं आणि परत आलं, हे सगळं मोजलं गेलं ते दगडांवरच्या विष्ठेवरून. आपल्यालाही तीच वाट धरायची आहे.

नावाचा घोळ आधी मिटवा

पाणमांजर हे मांजर नव्हे, आणि दिसायला तसं वाटलं तरी मुंगसाच्या कुळातलंही नव्हे. विझल, मार्टेन, बॅजर यांच्या कुळातला हा प्राणी. जगभरात याच्या तेरा-चौदा जाती मानतात. मराठीत त्याला ऊद असंही म्हणतात, आणि खरी गडबड तिथे होते. 'ऊदमांजर' हा शब्द कुणी पाणमांजरासाठी वापरतं, तर कुणी झाडावर राहणाऱ्या, रात्री फळं खाणाऱ्या कांडेचोरासारख्या प्राण्यासाठी. त्यामुळे नदीकाठच्या माणसाला विचारताना नावावर थांबू नका. कुठे दिसतं, एकटं असतं की घोळक्याने, काय खातं, जाळ्यातले मासे पळवतं का, असं विचारा. फोटो अगदी शेवटी दाखवा. आधी दाखवलात तर समोरचा माणूस भिडेखातर "हो, हेच" म्हणतो. मासेमारी करणाऱ्यांकडून मिळणारी माहिती सगळ्यात पक्की असते. फाटलेलं जाळं आणि डोकं खाऊन टाकलेला मासा त्यांच्या लक्षात राहतो.

पहिली पायरी: नदीचा तुकडा निवडा

सगळी नदी पालथी घालायची गरज नाही. एक-दोन किलोमीटरचा तुकडा निवडा आणि तिथेच पुन्हा पुन्हा जा.

खोल डोह आणि उथळ, खळाळता प्रवाह जवळजवळ असलेली जागा उत्तम. उथळ पाण्यात मासे अडवून पकडता येतात आणि धोका वाटला तर डोहात गायब होता येतं. पाण्यातून वर आलेले मोठे खडक, काठावर मुळं उघडी पडलेली जुनी झाडं, दाट लव्हाळं, दोन ओढ्यांचा संगम, वाळूचं बेट ही सगळी चांगली लक्षणं. पुलाखालची जागा पुष्कळजण वगळतात. ती वगळू नका. तिथे पाऊस लागत नाही, त्यामुळे जुनी विष्ठाही टिकून राहते.

ऋतूचं म्हणाल तर पाणी उतरलेलं असतं तो काळ नवशिक्याला सोपा जातो. मासे डोहांत गोळा होतात, पाणमांजरंही तिकडे ओढली जातात, आणि ओला गाळ उघडा पडल्यामुळे ठसे छान उमटतात. पुरानंतर लगेच गेलात तर काहीच मिळणार नाही, सगळं धुऊन गेलेलं असतं. आठवडाभर थांबून जा. मग जे काही सापडेल ते पुरानंतरचंच आहे हे आपोआप कळतं.

दुसरी पायरी: दगड तपासा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा रेंगाळू.

पाणमांजर विष्ठा लपवत नाही, उलट मिरवतं. दुसऱ्या पाणमांजरांना निरोप मिळावा म्हणून उंचावर, उठून दिसेल अशा जागी ती टाकलेली असते: पाण्यातला सगळ्यात ठळक खडक, आडवा पडलेला ओंडका, पुलाच्या खांबाचा कट्टा, वाळूचा उंचवटा, संगमाचं टोक. एकच जागा वर्षानुवर्षं वापरली जाते. गवताळ काठावर अशा जागी खत मिळून गवताचा एखादा झुबका आजूबाजूपेक्षा गडद हिरवा झालेला असतो. दुरून तेवढ्यावरूनही जागा ओळखू येते.

इंग्रजीत या विष्ठेला 'स्प्रेंट' असा स्वतंत्र शब्द आहे, आणि अभ्यासकांच्या बोलण्यात तोच ऐकू येतो. ताजी असते तेव्हा ती काळपट, चिकट, डांबरासारखी चकाकते. दोन-चार दिवसांत सुकून राखाडी होते आणि मग नुसता काडी लावली तरी भुगा होतो. हा भुगा नीट बघा, हातात भिंग असेल तर उत्तमच. माझ्या वहीत चिकटवलेला एक नमुना आहे. त्यात माशाचे खवले अभ्रकाच्या कपच्यांसारखे चमकतात, मणक्याची मोहरीएवढी हाडकं वेगवेगळी मोजता येतात, आणि मध्येच खेकड्याच्या कवचाचा तांबूस-नारिंगी तुकडा दिसतो. सगळी विष्ठाच खेकड्याच्या कवचाची असेल, तर छोट्या जातीचं पाणमांजर असण्याची शक्यता वाढते. त्याबद्दल पुढे येईलच.

वास हा दुसरा पुरावा. मासळीचा वास असतोच, पण त्याच्या आत एक गोडसर, कस्तुरीसारखा दर्प असतो. युरोप-आशियात आढळणाऱ्या युरेशियन जातीच्या विष्ठेची तुलना लोक वाळलेल्या गवताशी किंवा जाईच्या चहाशी करतात. युरोप-अमेरिकेतल्या मिंक नावाच्या लहान प्राण्याच्या विष्ठेला मात्र नाक दाबावं लागतं. पाणकावळ्याच्या किंवा बगळ्याच्या विष्ठेत पांढरा चुन्यासारखा भाग असतो, पाणमांजराच्या विष्ठेत तो नसतो. बियाच बिया दिसल्या तर ती फळं खाणाऱ्या प्राण्याची. कधी कधी विष्ठेऐवजी नुसता हिरवट-पिवळट जेलीसारखा गोळा सापडतो. तोही पाणमांजराचाच असतो.

विष्ठेला उघड्या हाताने शिवू नका. काडीने उलगडा आणि नंतर हात साबणाने धुवा. आणि अभ्यासाच्या नादात जागा साफ करून टाकू नका, तो निरोप दुसऱ्या कुणासाठी ठेवलेला आहे.

तिसरी पायरी: ठसे

ओल्या वाळूत किंवा गाळात वाका आणि बोटं मोजा. कुत्रा, कोल्हा, मांजर, बिबट्या यांच्या ठशात चार बोटं उमटतात. पाणमांजराच्या पुढच्या-मागच्या दोन्ही पायांना पाच बोटं, आणि ती कमानीसारखी पसरलेली असतात. गाळ मऊ असला तर बोटांमधल्या पडद्याची कडही दिसते. मोठ्या जातींचा ठसा साधारण पाच ते सात सेंटिमीटर रुंद असतो, मागचा पाय थोडा अधिक मोठा. मुंगसालाही पाच बोटं असतात, पण ठसा फारच लहान असतो आणि अंगठा पुष्कळदा उमटतच नाही.

कठीण जमिनीवर पाचवं बोट पाणमांजराचंही उमटत नाही, म्हणून एका ठशावर निकाल देऊ नका. दहा-पंधरा ठशांची ओळ बघा. पाण्यातून निघून पाण्यातच जाणारी ओळ, तिरक्या गटांत पडलेली पावलं, कारण धावताना पाठीची कमान करून ते उड्या मारत जातं, आणि अधूनमधून पावलांमध्ये ओढलेल्या शेपटीची रेघ, असं सगळं जुळलं तर शंका उरत नाही. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा, आणि कॅमेरा ठशाच्या बरोब्बर वर धरा. तिरक्या फोटोवरून माप घेता येत नाही.

वाळूवर दोन-तीन हात रुंदीची, दाबली गेलेली, ओरखडलेली जागा दिसली तर ती लोळण्याची असते. पाणमांजराच्या अंगाखाली सीलसारखा चरबीचा थर नसतो. दाट फरमध्ये अडकलेली हवाच त्याला ऊब देते, म्हणून फर कोरडी आणि स्वच्छ ठेवणं हे त्याचं रोजचं काम असतं. चिखलाच्या उतारावर किंवा बर्फात गुळगुळीत घसरगुंडीसारखा पट्टाही मिळतो. उत्तर अमेरिकेतली पाणमांजरं बर्फावरून पोटावर घसरत लांबलांब जातात.

चौथी पायरी: बसा

ताज्या खुणा मिळाल्या की मगच बसायचं. जागा अशी निवडा की वारा पाण्याकडून तुमच्याकडे येईल. पाणमांजराला दूरवरची स्तब्ध आकृती सहसा ओळखू येत नाही, पण वास त्याला लगेच येतो. पाठीमागे झुडूप किंवा खडक ठेवा, म्हणजे आकाशावर तुमची आकृती उमटणार नाही. विष्ठेच्या खडकापासून निदान पन्नास-साठ मीटर दूर राहा. मळकट कपडे, आठ पटीची साधी दुर्बीण आणि बूड टेकायला काहीतरी, एवढं पुरे. महागडं सामान नंतर बघता येईल.

वेळ? उजाडताना आणि मावळताना. ज्या नद्यांवर माणसांची वर्दळ आहे तिथे पाणमांजरं रात्रीकडे सरकतात. पण हा नियम सगळीकडे सारखा नाही. स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवर युरेशियन पाणमांजरं भर दिवसा किनाऱ्यावर मासे धरताना दिसतात, आणि सिंगापूरमध्ये शहराच्या मधोमध, लोकांच्या डोळ्यांदेखत सकाळी कळप पोहत जातात.

बसल्यावर दुर्बीण डोळ्याला लावून फिरवत राहू नका. तिने फार थोडं पाणी एका वेळी दिसतं. नुसत्या डोळ्यांनी सगळा डोह एकदम बघा आणि कान उघडे ठेवा. बारीक मासे एकदम पाण्याबाहेर उसळले, बगळे काठाकाठाने कशाच्या तरी मागे चालायला लागले, तर तिकडे लक्ष द्या. पाणमांजरांनी हुसकावलेले मासे टिपायला बगळे त्यांच्या मागे राहतात. आवाजही शिकून घ्या. युरेशियन पाणमांजराची एकमेकांना बोलावण्याची शीळ पातळ आणि तीक्ष्ण असते, पक्ष्याची वाटावी अशी. कळपाने राहणाऱ्या जाती सतत चिवचिव, किलबिल करत असतात. आणि नाकातून 'हाःऽ' असा जोरात फुत्कार ऐकू आला, तर समजा, तुम्ही सापडलात.

पाचवी पायरी: पाण्यातला आकार ओळखा

आता समोर काहीतरी पोहतंय. ते पाणमांजर आहे की नाही?

पाणमांजर पाण्यात फार खाली बसतं. वर दिसतं ते चपटं डोकं. नाक, डोळे आणि कान जवळजवळ एका रेषेत, आणि मागे इंग्रजी 'व्ही'सारखी लाट. पाठ थोडी दिसते किंवा दिसतही नाही. बुडी मारताना पाठीची कमान वर येते, आणि सगळ्यात शेवटी जाड, निमुळती शेपूट उभी होऊन आत जाते. ती शेपूट दिसली की काम झालं. त्यानंतर पाण्यावर बुडबुड्यांची माळ सरकत जाते, कारण फरमध्ये कोंडलेली हवा दाबाने बाहेर पडत असते. ते पुन्हा वर कुठे निघेल याचा अंदाज या बुडबुड्यांवरून येतो. बहुतेक बुड्या अर्ध्या-एक मिनिटाच्या आतल्या असतात. वर आल्यावर लहान मासा तिथेच, तोंड वर करून, कुरकुर आवाज करत चावला जातो. मोठा मासा मात्र काठावर नेतात.

फसवणारा पहिला प्राणी म्हणजे पाणकावळा. त्याचंही अंग बुडालेलं असतं, पण मान उभी काठीसारखी असते आणि चोच तिरपी वर. बुडी मारताना तो छोटी उडी घेतो. कासवाचं डोकं वर येतं ते जागच्या जागी, त्यामागे लाट नसते. घोरपड पोहते तेव्हा अंग नागमोडी डावी-उजवीकडे हलतं, आणि पाणमांजराचं वर-खाली. हा फरक एकदा डोळ्यात बसला की फार दुरूनही कामी येतो. युरोप-अमेरिकेत आणखी चारजण गोंधळ घालतात. मिंक मांजरापेक्षाही लहान, वजन किलोच्या आसपास, आणि पोहताना पाण्यावर तरंगल्यासारखा, पाठ कोरडी दिसेल असा. मस्करॅट हा उंदराच्या वर्गातला प्राणीही लहानच, शेपूट दोरीसारखी बारीक. बीव्हरची शेपूट वल्ह्यासारखी रुंद, चपटी आणि केसविरहित, आणि दचकला की ती पाण्यावर धाडकन आपटतो. कॉयपूचं नाकाजवळचं तोंड पांढरट आणि दात नारिंगी. पाणमांजर अंगाने यातल्या मिंक आणि मस्करॅटपेक्षा कितीतरी मोठं, आणि चेहऱ्यावर जाड मिशा.

समुद्रात दिसलेलं प्रत्येक पाणमांजर सागरी पाणमांजर नसतं, नदीच्या जातीही खाऱ्या पाण्यात उतरतात. उताणं, पोट वर करून तरंगत खाणारं आणि उत्तर पॅसिफिकच्या किनाऱ्यावर दिसलेलं असेल तर सागरी.

सहावी पायरी: कोणती जात?

आधी नकाशा बघा. जवळजवळ सगळ्या युरोपात एकच जात आहे, युरेशियन पाणमांजर, त्यामुळे तिथे डोकं शिणवण्याचं कारण नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आणि कॅनडात नद्यांमध्ये दिसणारं उत्तर अमेरिकी नदी-पाणमांजर हे पाच ते चौदा किलोचं. दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन आणि पांतानालच्या पाणथळ प्रदेशातलं महाकाय पाणमांजर तर ओळखायला सोपं: दीड मीटरहून लांब, वजन तीस किलोपर्यंत, आणि गळ्यावर दुधी रंगाचे डाग. प्रत्येकाचे डाग वेगळे असतात. तो कळप मान उंच काढून तुमच्याकडे बघतो तेव्हा गळ्याचा फोटो घ्या, एकेकाची ओळख त्यावरून पटते.

खरी कसोटी दक्षिण आशियात लागते, कारण इथे तीन जाती आहेत. गुळगुळीत फरचं पाणमांजर सगळ्यात जास्त दिसतं. सात ते अकरा किलो वजन, मखमलीसारखी तुकतुकीत फर, गोलसर डोकं, आणि शेपटीचा शेवटचा भाग खालून चपटा. हे कुटुंबाने राहतं, दिवसा वावरतं, आणि मोठ्या नद्या, वाळूचे किनारे, धरणांचे जलाशय याला आवडतात. चंबळ, कॉर्बेट, पेरियार, कावेरी या ठिकाणी ते पाहायला मिळतं. युरेशियन पाणमांजर आकाराने जवळपास तेवढंच, पण फर राठ. पाण्यातून बाहेर आल्यावर ती काट्यांसारखी झुबक्याझुबक्यांनी उभी राहते. शेपूट गोल आणि टोकाकडे निमुळती, नाकाच्या उघड्या भागाची वरची कड वेडीवाकडी, इंग्रजी 'डब्ल्यू'सारखी. हे बहुधा एकटं, रात्रीचं आणि थंड, डोंगरी पाण्यातलं. मध्य भारतात ते आहे याचे फोटो सातपुडा व्याघ्र प्रकल्पातल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये, म्हणजे प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात, मिळाले, त्याची नोंद २०१६ मध्ये जाहीर झाली. इतकी वर्षं ते माणसांच्या डोळ्यांआड राहिलं यातच त्याचा स्वभाव आला.

तिसरं, आखूड नखांचं पाणमांजर जगातल्या सगळ्या पाणमांजरांत लहान, तीन-चार किलोचं. गाल आणि गळा फिकट, आणि पुढचे पंजे जवळजवळ हातासारखे. दगडाखाली बोटं घालून, न बघता चाचपत ते खेकडे काढतं. नखं बोटांच्या उशीपुढे जात नाहीत, त्यामुळे लहानसा, पाच बोटांचा, नखांची टोकं न उमटलेला ठसा आणि खेकड्याच्या कवचाने भरलेली विष्ठा असं दोन्ही मिळालं तर याच जातीचा विचार करा.

संख्येवरून घाईने जात ठरवू नका. युरेशियन मादी पिल्लांसह फिरत असते तेव्हा तीन-चार जणांचा कळपच वाटतो. आणि जात खरोखर कळली नसेल तर वहीत नुसतं 'पाणमांजर' लिहा. चुकीच्या जातीच्या नावापेक्षा ती नोंद शंभरपट कामाची.

दिसल्यावर

हलू नका. मी पहिल्यांदा पाच जणांचं कुटुंब पाहिलं तेव्हा आनंदाने कॅमेऱ्याकडे हात नेला, आणि तेवढ्या हालचालीने मान वर, फुत्कार, आणि सगळा डोह रिकामा. पुढे मी पहिली काही मिनिटं फक्त बघायची सवय लावून घेतली. पाणमांजरं तुम्हाला स्वीकारून कामाला लागली की फोटो आपसूक मिळतात.

मुळांखालची ढोल, खडकातली कपार किंवा काठातलं बीळ, जिथे ये-जा दिसते, तिच्या जवळ अजिबात जाऊ नका. पिल्लं आत असतील तर त्रास झाल्यावर मादी ती उचलून दुसरीकडे नेते, आणि त्या हलवाहलवीत पिल्लांना धोका असतो. काठाने पाठलाग नको, ड्रोन नको, खाऊ टाकणं तर नकोच.

जागेचा पत्ता जपून ठेवा. फरसाठी आणि पाळण्यासाठी आशियातली पाणमांजरं पकडली जातात. म्हणूनच गुळगुळीत फरच्या आणि आखूड नखांच्या जातीला २०१९ मध्ये वन्यजीवांच्या व्यापारावरच्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात टाकलं गेलं, म्हणजे त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला बंदी झाली. फोटो टाकायचा असेल तर नदीचं नाव पुरे, डोहाचं नको, आणि मोबाइलमधली ठिकाणाची नोंद काढून टाका.

वहीत काय लिहायचं

तारीख, वेळ, पाण्याची पातळी, शेवटचा पाऊस कधी झाला, चाललेलं अंतर, खुणा किती आणि किती ताज्या, कोणत्या खडकावर. प्राणी दिसला तर संख्या, दिशा, किती वेळ दिसला. आणि ज्या दिवशी काहीच सापडलं नाही, त्या दिवसाचीही नोंद करा: "६०० मीटर, दोन्ही काठ, खुणा नाहीत." इंग्लंडच्या पहिल्या पाहणीत शंभरातल्या चौऱ्याण्णव जागी हेच लिहिलं गेलं होतं. ते लिहिलं गेलं नसतं, तर तीस वर्षांनी पाणमांजरं परत आली हे कुणाला कळलंच नसतं.